सोसायटीच्या सांडपाण्याला बीओडीची नेमकी कोणती मर्यादा लागू होते?

मुळाकाठचा: पुण्यातील आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या ताज्या अहवालात बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) 18 मिलिग्रॅम प्रति लिटर आला आहे. ठेकेदार म्हणतो, मर्यादा 30 आहे; एक सभासद म्हणतात, 10 आहे. खरे काय?

निवृत्त अभियंता: दोन्ही आकडे हवेतून आलेले नाहीत. 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी 30 ही मर्यादा आहे. 13 ऑक्टोबर 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रक्रिया केंद्रांसाठी महानगरांत 20 व इतरत्र 30 अशी मर्यादा ठरवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मात्र 30 एप्रिल 2019 च्या आदेशात महानगरांसह सर्व देशासाठी 10 चा आग्रह धरला. तुमच्यापुरते म्हणाल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने केंद्र चालवण्यासाठी दिलेले संमतीपत्र काढून पाहा. मंडळाला मानके अधिक कडक करता येतात, सैल करता येत नाहीत.

मुळाकाठचा: आभारी आहे. फाइल शोधली, संमतीपत्रात स्पष्टपणे 10 लिहिले आहे.

सचिवकाकू: नमुना कधी घेतला, हेही विचारा. आमच्याकडे वीजबिल वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) बंद ठेवत. सकाळी टाकीवर काळपट साय आणि कुजक्या अंड्यांचा वास असे, पण नमुना नेमका दुपारी, हवा पुरेशी खेळल्यावर भरला जाई. ब्लोअरच्या मीटरची रोजची नोंद मागितली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.