शेगडी आणि ग्रिल एकाच पेटीत: सोय की नुसतं ओझं?

पायवाट:
पुढच्या कॅम्पला स्वयंपाकाचं काय न्यायचं यावर आमच्या गटात आठवडाभर जुंपली आहे. निम्म्यांना एका बाजूला बर्नर आणि दुसऱ्या बाजूला जाळी असलेली घडीची पेटी हवी. मला वाटतं, ती घेऊच नये. शेगडी वेगळी, ग्रिल वेगळं, आणि शक्यतो ग्रिल घरीच.

मागच्या वेळी मागून आणलेली अशीच पेटी वापरली होती, म्हणून बोलतोय. एकीकडे पातेल्यात पाणी, दुसरीकडे जाळीवर मासे. दोन्ही नॉब पूर्ण सोडले आणि दहा मिनिटांत दोन्हीकडची ज्योत कळीएवढी झाली. छोट्या कॅनिस्टरला, म्हणजे गॅसच्या डब्याला, हात लावला तर बर्फासारखा गार, बाहेरून बर्फाचा पांढरा थर चढलेला. आतला द्रव गॅस वाफ होताना डब्याचीच उष्णता खातो, डबा गार पडतो, दाब उतरतो. एक बर्नर असता तर चाललं असतं. पाणी कोमट राहिलं, आणि मासे उलटताना कातडं जाळीला, मांस चिमट्यात!

मुळात दोन्ही कामांच्या गरजाच उलट्या आहेत. पातेल्याला ज्योत बुडाखाली एकवटलेली लागते, जाळीला धग सगळीकडे सारखी पसरलेली. एकाच पेटीत दोन्ही कोंबलं की दोन्ही अर्धवट.

हिशेबही सांगतो. १ लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता हवेत गेली असं धरलं तरी १५ ग्रॅमच्या आत गॅस पुरतो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात कागदावर पंधराएक लिटर पाणी उकळतं. वाऱ्यात हा आकडा किती घसरतो ते वाऱ्यालाच विचारा. पण झाकण ठेवलेलं पातेलं आणि उघडी जाळी यांत गॅस कोण पितं, हे सांगायला नको.

निखारा:
निदान अर्धं तरी पटलं. गॅसवरच्या जाळीला ग्रिल म्हणणं हाच मुळात गैरसमज. भाजायचं असेल तर कोळसा. निखाऱ्यांची धग सरळ पदार्थावर येते. वरून पांढरी राख धरली की समजावं, तयार. एका बाजूला रास करायची, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. कडक भाजायचं ते राशीवर, आत शिजायचं ते मोकळ्या बाजूला. नॉबशिवाय दोन आचा मिळतात. घडीचा पत्र्याचा ट्रे आणि जाळी, बिघडायला त्यात आहेच काय?

आणि मासे चिकटले ते पेटीमुळे नाही हो. जाळी पुरेशी तापली नव्हती आणि तुम्ही घाई केलीत. तापलेल्या जाळीला तेलाचं बोट फिरवा, मासा कोरडा पुसून ठेवा आणि त्याला हातच लावू नका. कातडं भाजलं की तो आपण होऊन सुटतो.

जड_सॅक:
निखारे तयार व्हायला वीस-तीस मिनिटं, तोवर गट बिस्किटं खाऊन झोपलेला असतो. पाऊस आला की कोळशाची पिशवी दगडासारखी. राख पूर्ण विझेपर्यंत राखण करायची ती वेगळीच. शिवाय कोरड्या दिवसांत कित्येक जंगलांत लाकूड-कोळशाला बंदी असते, पण नॉब बंद करता येणारी गॅसची शेगडी काही ठिकाणी चालते. परवानगीच नसेल तर तुमच्या दोन आचा घेऊन काय करायचं?

निखारा:
बंदी असेल तिथे नाहीच पेटवायचा. त्यावर वाद कुठे आहे? प्रत्येक कॅम्प बंदीतच असतो असं नाही.

खरकटी_भांडी:
मी पेटीच्या बाजूने. तुम्ही पायी चालणारे आणि गाडीने जाणारे एकाच शेगडीवर भांडताय. पाठीवर न्यायचं असेल तर पायवाट म्हणतात तेच खरं: मूठभर बर्नर, एक पातेलं, संपला विषय. पण गाडी तंबूपर्यंत जाते आणि आठ तोंडं आहेत, तेव्हा एका बर्नरवर भात होईपर्यंत भाजी गार होते.

तुमची चूक पेटीत नव्हती, डब्यात होती. दोन बर्नरच्या पेटीला छोटा कॅनिस्टर जोडला तर असंच होणार. रेग्युलेटर आणि नळी लावून मोठा सिलिंडर जोडा, पेटीच्या माहितीपत्रकात जो सांगितला असेल तोच. थंडी असेल तर डब्यात काय भरलंय तेही वाचा. नॉर्मल ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे पाणी गोठायच्या सुमाराला तो डब्यातून उठतच नाही. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२. पहाटेच्या चहाला शेगडी रुसते ती यामुळे.

दुसरं, खोक्यावरच्या बीटीयूच्या (उष्णता मोजायचं माप) आकड्याला भुलू नका. ताशी १०,००० बीटीयू म्हणजे साधारण २.९ किलोवॅट, पण तो एका बर्नरचा की सगळ्यांचा मिळून, हे बारीक अक्षरात असतं. मी तर दुकानात नॉब अगदी शेवटपर्यंत मंद करता येतो का, तेवढंच बघते. उकळी कुठलीही शेगडी आणते. भात न करपवता मुरवणारी विरळा. जाळीऐवजी मात्र सपाट तवा घ्या. ठिबकणारी चरबी बर्नरवर पडत नाही, भडका नाही, आणि अंधारात जाळी घासत बसावं लागत नाही.

पंप_मारा:
कुणी रॉकेलचं नावच काढत नाही! १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने प्रायमस हा पंपाचा स्टोव्ह काढला, नान्सेन तो उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर घेऊन गेला, १९११ मध्ये अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर. दाब हाताने पंप मारून द्यायचा, मग थंडी पडो नाहीतर टाकी निम्मी होवो. किती इंधन उरलं तेही टाकी हलवली की कळतं.

जड_सॅक:
आणि बर्नर आधी नीट तापला नाही की पिवळा भडका, काजळी, पिन मारा, वॉशरला तेल द्या. काका, आम्ही दोन रात्रींसाठी चाललोय, ध्रुवावर नाही.

पंप_मारा:
पिन मारता येत नाही म्हणून स्टोव्ह वाईट होत नाही, राजा.

आडोसा:
मघापासून वाचतोय. तव्याचा सल्ला अर्धवट राहिला, म्हणून मध्ये पडतो. आडवा डबा आत बसतो त्या चपट्या कॅसेट शेगडीवर मोठा तवा कधीही ठेवू नका. तवा डब्याच्या कप्प्यावर आला की त्याची धग खाली डब्यावर मारते. दाब वाढला की डबा आपोआप सुटावा अशी सोय बऱ्याच शेगड्यांत असते, पण तिच्या भरवशावर स्वयंपाक करायचा नसतो. दोन अशा शेगड्या शेजारीशेजारी लावून वर एकच लांब तवा, हा प्रकार तर मी डोळ्यांनी पाहिलाय. गप्प जाऊन एक शेगडी बंद केली.

डब्यावर थेट बसणाऱ्या बर्नरला चहूबाजूंनी पत्र्याचा आडोसा लावणं हीही तीच चूक. वारा अडवायचा तर एकाच बाजूने, थोडं अंतर सोडून. डब्याला हात लावून बघत राहा. गरम लागला तर आडोसा काढा.

निखारासाहेब, तुम्हाला एकच: रात्री ऊब म्हणून विझत आलेला ट्रे तंबूत ओढणारे लोक असतात. धूर दिसत नाही म्हणून विस्तव निरुपद्रवी वाटतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि राखेखालचे निखारे तो सोडतच असतात. झोपलेला माणूस उठत नाही. गॅसची शेगडीही तंबूबाहेरच.

निखारा:
शंभर टक्के मान्य. माझा ट्रे झोपण्याआधी पाण्याच्या बादलीत जातो.

जड_सॅक:
ट्रे थेट पाण्यात नको, पत्रा वाकडा होतो आणि गरम वाफ तोंडावर येते. बाहेरच ठेवून कोळशावर थोडं थोडं पाणी, ढवळायचं, परत पाणी. हात लावता येईपर्यंत.

पायवाट:
खरकटी_भांडी यांचं ऐकून काल घरचीच पातेली घेऊन दुकानात गेलो. दुकानदार बघतच राहिला. दोन बर्नरच्या पेटीवर २४ सेंमीचं पातेलं आणि २६ ची कढई शेजारी ठेवली, तर कढईचा कान पातेल्यावर चढला आणि बाजूचे वाऱ्याचे पडदे उघडेचनात. जोडीची जाळी तर त्याहून अरुंद. आम्ही सहा जण, गाडी जाणार, म्हणून दोन बर्नर लागणार हे कबूल करतो. पण जाळीवाली पेटी नाही घेतली. साधी, रुंद, दोन बर्नरची बघतोय. मासे निखाऱ्यांवरच, ट्रे गटातल्या ज्याला हौस त्याने उचलावा.

खरकटी_भांडी:
घेण्याआधी दोन्ही बर्नर एकदम मंद करून फुंकर मारून बघा. विझला तर दुसरी मागा.