खाजनातला चिखलही तपासायला हवा
मातीतल्या जिवाणूंकडून मिळण्याजोगी प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) आता संपली, असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मातीतल्याच जिवाणूपासून मिळाले. मात्र मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत, त्यामुळे पुढे तीच ती संयुगे पुन्हा पुन्हा हाती येत राहिली. २०१५ मध्ये जाहीर झालेले टाइक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक सापडले, तेही जिवाणूंना सूक्ष्म कप्प्यांत, पातळ पडद्यांआड, मातीतच वाढवल्यामुळे (औषध म्हणून ते अजून बाजारात आलेले नाही, हेही खरे). आपल्या गोव्यात मांडवीकाठच्या खारफुटीचा काळा, गंधकाचा वास येणारा चिखल आहे, भरती-ओहोटीबरोबर त्याचा खारटपणा बदलत राहतो, म्हणून तिथे वेगळे जिवाणू असू शकतात. अशी खाजने (खाडीकाठच्या सखल, खारट जमिनी) बुजवली जाण्याआधी तिथल्या जिवाणूंचे नमुने जपून ठेवायलाच हवेत.