रिकाम्या चौकात सायकलने पाय टेकायलाच हवा का?

दोन_पेडल

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसातला दंडाची चिठ्ठी हातात पडली. गुन्हा काय, तर स्टॉप साइनला सायकल पूर्ण थांबवली नाही. चौकात मी, फुटपाथवर मांडलेले कचऱ्याचे डबे आणि झाडाआड उभी पोलिसांची गाडी, एवढेच होतो. दंड दोनशे डॉलरच्या वर. बायको म्हणाली, "एवढ्यात दुसरी सायकल आली असती." आली असतीच. माझी दीडशेला घेतलेली, जुनी आहे.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. घर ते ऑफिस साडेसहा किलोमीटर आणि वाटेत चौदा स्टॉप साइन. तिकडच्या मंडळींसाठी सांगतो. इथल्या वस्तीतल्या बहुतेक चौकांत सिग्नल नसतो, चारी बाजूंना लाल अष्टकोनी पाट्या असतात. प्रत्येकाने पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी निघायचं. पुण्याहून आलेला पाहुणा हे पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं की लोक एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसलेत.

गाडीला हे ठीक आहे, तिथे फक्त पाय या पेडलवरून त्या पेडलवर जातो. सायकलवाल्याला दर चौकात शून्यापासून सुरुवात करावी लागते, तीही स्वतःच्या मांड्यांच्या जोरावर. आयडाहो राज्याने १९८२ सालीच कायदा केला की सायकलस्वाराने स्टॉप साइनला वेग कमी करावा, कुणी असेल तर त्याला जाऊ द्यावं, नसेल तर न थांबता निघावं. मग पस्तीस वर्षं बाकीचे झोपले होते. २०१७ मध्ये डेलावेअर जागं झालं, त्यानंतर आर्कान्सा, ऑरेगन, वॉशिंग्टन, युटा, कोलोरॅडो, मिनेसोटा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही २०२१ मध्ये विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली नाही. सुरक्षितता घटेल, विशेषतः लहान मुलांना गाड्यांच्या वेगाचा अंदाज येत नाही, असं कारण दिलं.

मला हे पटत नाही. दंड भरला, पण कायदा चूक आहे हे माझं मत कायम आहे. बोला.

आईसोबत_फेरी

मी बोलते. माझी आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आहे. वय ७४, एका कानाने कमी ऐकू येतं. रोज संध्याकाळी नातवाची बाबागाडी ढकलत फेरी मारते. पहिले पंधरा दिवस ती रस्ता ओलांडायलाच तयार नव्हती. मी तिला शिकवलं: "आई, लाल पाटी आहे ना, तिथे सगळे थांबतात. तू फक्त त्यांच्याकडे बघ आणि चाल." या एका वाक्यावर तिला या देशात एकटीने फिरता यायला लागलं.

परवा एक सायकलवाला तिच्या पुढून सुर्रकन गेला. लागलं काही नाही. त्याने तिला पाहिलं होतं, अंदाजही बरोबर होता, दोन हात तरी अंतर असेल. त्याच्या हिशेबाने चौक मोकळाच होता. ती मात्र घरी येऊन म्हणाली, "अगं, सगळे थांबत नाहीत."

तुम्ही म्हणता कुणी असेल तर थांबायचं. "कुणी आहे" हे ठरवणार कोण? ज्याला ऑफिसला उशीर होतोय तोच ना?

दोन_पेडल

ताई, तो सायकलवाला आयडाहोतही दोषीच ठरला असता. पायी चालणाऱ्याचा हक्क आधी, हे तिथेही आहेच. त्याला मी पाठीशी घालत नाही.

आईसोबत_फेरी

दोषी ठरवायला पोलीस लागतो. आईला पोलीस नको आहे, तिला आधी कळायला हवं.

गणित_कच्चं

भावना बाजूला ठेवून जरा आकडे. बर्कलीतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जोएल फाजान्स यांनी मेलानी करी यांच्यासोबत २००१ मध्ये हाच हिशेब मांडला होता. साधारण ६८ किलोचा माणूस १०० वॉट ताकदीने सायकल मारतो तेव्हा ताशी २० किलोमीटर जातो. दर ९० मीटरवर पूर्ण थांबायला लावलं की सरासरी वेग जवळजवळ ४० टक्के पडतो. थांबे घेऊनही तोच वेग राखायचा तर जवळपास ५०० वॉट काढावे लागतील. एवढा जोर स्पर्धेतल्या सायकलपटूंनाही काही मिनिटंच टिकतो. आपण तर डबा घेऊन ऑफिसला जाणारी माणसं.

गंमत अशी की पूर्ण न थांबता ताशी ८ किलोमीटरने चौक पार केला, तर पुन्हा १६ चा वेग गाठायला पाव हिस्सा ऊर्जा कमी लागते. ताशी ८ म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडंच जास्त.

बाकी आयडाहोत हे का झालं, ते ऐकण्यासारखं आहे. सायकलप्रेम वगैरे काही नव्हतं. किरकोळ सायकल-गुन्ह्यांच्या कागदांनी कोर्टं तुंबायला लागली होती, म्हणून न्यायालयांच्या प्रशासनाकडूनच कार्ल बियांकी यांनी ही कल्पना पुढे आणली. कारकुनी सोय!

ब्रेक_लाव_आधी

आकडे छान, पण २००१ चे. आता माझ्या गल्लीतल्या निम्म्या सायकलींना बॅटरी आहे. इथे मोटरच्या मदतीने ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणारी सायकलही कायद्याने सायकलच. शेजारचा चौदा वर्षांचा पोरगा अंगठ्याने पळवतो, पेडल नावापुरतं. त्याच्या मांड्यांची दया मी का करू? "शून्यापासून सुरुवात" हा तुमचा सगळा युक्तिवाद त्या बॅटरीत बुडाला.

आणि "सायकलने कोण मरतं" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. मार्च २०१२, सॅन फ्रान्सिस्को, कॅस्ट्रो आणि मार्केट स्ट्रीटचा चौक. उतारावरून भरधाव आलेल्या सायकलस्वाराने ७१ वर्षांच्या गृहस्थांना उडवलं, ते वारले. त्याने गुन्हा कबूल केला, प्रोबेशन आणि १००० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. माणूस गेला तो गेलाच.

दोन_पेडल

ती घटना मला माहीत आहे, अंगावर काटा येतो. पण तिथे सिग्नल होता आणि तो उतारावरून सुसाट आला होता. "वेग कमी करा, बघा, मग जा" असा कायदा असता तरी त्याने तोडलाच असता.

बॅटरीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मी स्वतः बॅटरीविरुद्ध नाही, गुडघे गेले की घेईनही, पण ही सवलत फक्त पायाच्या जोरावर चालणाऱ्या सायकलला असावी असं म्हणायला मी तयार आहे. ती अंमलात कशी आणायची, पोलीस लांबून कसा ओळखणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

विगलवाला

जुलै २०१५ ची आठवण सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत "विगल" नावाचा नागमोडी रस्ता आहे, टेकड्या चुकवत सपाटीने गोल्डन गेट पार्ककडे जाणारा. सायकलींचा राबता मोठा. तिथे पोलीस कडक कारवाई करणार अशी बातमी आली. मग सायकलवाल्यांनी निषेध काय करावा? तर कायदा पाळला! शेकडो जण एकामागोमाग एक, प्रत्येकाने प्रत्येक स्टॉप साइनला पूर्ण थांबायचं, मग निघायचं. थोड्याच वेळात गाड्यांची ही रांग लागली आणि हॉर्नवर हॉर्न. जे गाडीवाले एरवी "थांबत नाहीत लेकाचे" म्हणून कुरकुरतात तेच "अहो जा ना आता" म्हणून ओरडत होते.

तिथल्या नगर पर्यवेक्षकांनी (म्हणजे आपल्याकडचे नगरसेवक) सायकलला सौम्य वागणूक देणारा ठरावही केला, पण जानेवारी २०१६ मध्ये महापौर एड ली यांनी नकाराधिकार वापरला.

ब्रेक_लाव_आधी

यातून एवढंच सिद्ध होतं की शेकडो जण एकदम आले की चौक तुंबतो. शेकडो बैलगाड्या आणल्या असत्या तरी तुंबला असता.

निवृत्त_वाहक

मी सातारा जिल्ह्यातला. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. अमेरिका पाहिलेली नाही, मुलगा पाहतो. पण तुम्ही ज्याला आयडाहो म्हणता ते आमच्याकडे फार आधीपासून आहे. त्याला विनंती थांबा म्हणतात.

थांबा आणि विनंती थांबा यात फरक असतो. थांब्यावर गाडी उभी करायचीच, माणूस असो नसो. विनंती थांब्यावर ड्रायव्हर गाडी हळू करतो, मी दारातून बघतो. कुणी हात केला किंवा आतल्या कुणाला उतरायचं असलं तर एक बेल, उभी. नसलं तर डबल बेल, चला. डिझेल वाचतं, वेळ वाचतो. दोन_पेडल, तुमचं म्हणणं मला तिथेच पटलं.

दोन_पेडल

काका, साष्टांग नमस्कार! दोन दिवस मी जे सांगायला धडपडतोय ते तुम्ही दोन शब्दांत सांगितलंत. सायकलला विनंती थांबा द्या, बस.

निवृत्त_वाहक

थांबा, पुढचं ऐका. घाई करू नका.

एकदा शेवटची गाडी, पावसाळा, रात्रीचे साडेनऊ. विनंती थांब्यावर ड्रायव्हरने वेग कमी केला, मी दारातून बघितलं. कुणी दिसलं नाही. डबल बेल दिली. दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. ते शेडमध्ये आत बसलेले होते. गाडीचा आवाज ऐकून उठायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आम्ही निघून गेलो. रात्रभर तिथेच बसले होते. मला शिवी दिली नाही, फक्त म्हणाले, "मी होतो की."

मी खोटं बोललो नव्हतो, खरंच बघितलं होतं. पण आगारात परतायची घाई होती, तेव्हा जेवढं बघितलं तेवढंच बघितलं.

आईसोबत_फेरी

काका.

गणित_कच्चं

काकांचा मुद्दा मानून एक मधला मार्ग. डेलावेअरने सरसकट मोकळीक दिलेली नाही. लहान, दोन पदरी रस्त्यावरच सायकलला हळू होऊन निघता येतं. मोठ्या, जास्त पदरांच्या रस्त्यावर पूर्ण थांबायचंच. तिथल्या पोलिसांच्या नोंदींनुसार कायद्यानंतरच्या ३० महिन्यांत स्टॉप साइनच्या चौकांतले सायकल-अपघात आधीच्या ३० महिन्यांपेक्षा २३ टक्के कमी झाले. लहान राज्य आहे, आकडा डोक्यावर घेऊन नाचू नये, पण रक्ताचे पाट वाहिले नाहीत एवढं खरं.

शनिवारातला

आमच्या पुण्यात हा वाद काढलात तर लोक हसतील. इथे लाल अष्टकोनी पाटीवर "स्टॉप" लिहिलेलं असतं आणि तिला टेकून चहावाला उभा असतो.

पण सायकलवाल्याला पकडायची हौस आम्हीही पाहिली आहे. आमच्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस पकडायचा, डबलसीट असलं तरी पकडायचा, आणि दंडाला पैसे नाहीत म्हटलं की चाकाची हवा सोडायचा. एवढं करून सगळ्या शहरात सायकलीच सायकली होत्या. तेव्हा दंडामुळे सायकल बंद पडते हे काही खरं नाही. स्कूटरमुळे पडते.

विगलवाला

गाडीवाल्यांचं पावित्र्य मोजायचं तर टेस्ला आठवा. त्यांच्या स्वयंचलित प्रणालीत स्टॉप साइनला पूर्ण न थांबता ताशी ९ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने पुढे सरकायची सोयच घातलेली होती. माणसं तसंच चालवतात म्हणून यंत्रालाही तेच शिकवलं.

ब्रेक_लाव_आधी

आणि २०२२ च्या सुरुवातीला सुमारे ५४ हजार गाड्यांमधली ती सोय काढून टाकावी लागली, हे सांगायचं राहिलं का? ताशी ९ सुद्धा चालणार नाही म्हणाले.

विगलवाला

दीड-दोन टनांची गाडी आणि बारा किलोची सायकल यांना एकच माप लावायचं का, हाच तर धाग्याचा विषय आहे, राव.

दोन_पेडल

काकांची ती रात्र डोक्यातून जाईना, म्हणून आज जाताना मोजलं. चौदा पाट्या. अकरा ठिकाणी खरोखर कुणी नव्हतं. हळू झालो, दोन्हीकडे मान वळवून पाहिलं आणि निघालो. तीन ठिकाणी पूर्ण थांबलो, पाय टेकला. (कायद्यात पाय टेकायची अट नाही, हे चिठ्ठी मिळाल्यावर वाचलं. तोल सांभाळत उभं राहिलं तरी चालतं. मला ते जमत नाही.)

कायदा बदलायला हवा, हे माझं मत अजून तेच आहे. लहान रस्त्यांपुरता, डेलावेअरसारखा.

आईसोबत_फेरी

त्या तीन ठिकाणी का थांबलात?

दोन_पेडल

दोन ठिकाणी गाडी आधी आली होती. तिसऱ्या ठिकाणी कुणीच नव्हतं. कोपऱ्यावर उंच कुंपण आहे, त्याच्यामागे काय आहे ते दिसत नाही.

निवृत्त_वाहक

तिथे एक बेल.