मदत हवी आहे: घर बांधायला खात्रीचा कॉन्ट्रॅक्टर कसा पारखायचा?

नमस्कार मंडळी,

दोन मजली घर बांधायचं आहे. नकाशे, स्ट्रक्चरल ड्रॉइंग तयार आहेत, घोडं अडलंय ते कॉन्ट्रॅक्टरपाशी. तीन कोटेशन हातात आहेत, पण त्यांची तुलनाच करता येत नाही. एकाने क्षेत्रफळावर सरसकट दर दिलाय. दुसऱ्याने खोदाई, स्टील, काँक्रीट, वीटकाम, गिलावा असं प्रत्येक कामाचं परिमाण आणि दर मांडलाय. तिसऱ्याचा फक्त मजुरीचा दर आहे. सगळ्यात स्वस्त पहिलाच, पण त्याच्या कागदावर वॉटरप्रूफिंगचा उल्लेखही नाही, म्हणून धास्ती वाटते.

दुसऱ्याची चालू साइट बघून आले. स्लॅबच्या सळ्यांखाली कव्हर ब्लॉक (सळ्या खालच्या फळ्यांना टेकू नयेत म्हणून ठेवायचे छोटे ठोकळे) व्यवस्थित लावलेले, काँक्रीट ओलसर राहावं म्हणून कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. खरं सांगते, तिथेच मन त्याच्याकडे झुकलं. पण तो काम सुरू होण्याआधीच मोठी उचल मागतोय. टप्प्याटप्प्याने, इंजिनिअरने मोजमाप तपासल्यावरच पैसे, आणि प्रत्येक बिलातले 5 ते 10 टक्के दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवायचे, असं म्हटलं तर चांगला माणूस हातचा जाईल का?

ज्यांनी बांधून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: कॉन्ट्रॅक्टरच्या जुन्या घरमालकांना नेमकं काय विचारलंत? वाढीव कामाचे दर आधीच लेखी ठरवता आले का? आणि काँक्रीटच्या क्यूबची (ताकद तपासायला ओतलेल्या नमुना ठोकळ्यांची) 28 दिवसांची चाचणी कॉन्ट्रॅक्टरवर सोपवलीत की स्वतः करून घेतलीत?