पहिल्या आलेख कॅल्क्युलेटरचा वर्गात काही उपयोग होईल का?

परळची शिक्षिका:
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नसल्यामुळे आमची मुले लॉग टेबल आणि आलेख कागदावरच वाढतात. लॅमिंग्टन रोडवर मला कॅसिओचा एफएक्स-७००० जी मिळाला असून तो अजून चालतो. त्यात मुलांना दाखवण्याजोगे काय आहे?

आलेखवेडा, मुलुंड:
आपल्या हाती मोलाची वस्तू आली आहे. १९८५ साली आलेला हा बाजारातील पहिला आलेख कॅल्क्युलेटर, म्हणजे सूत्राचा आलेख पडद्यावर काढून दाखवणारे यंत्र. पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६४ ठिपके, प्रोग्रॅमसाठी जागा अवघी ४२२ बाइट. तरीही मला ही तोकडी साधनेच शिकवण्यासाठी उत्तम वाटतात, कारण एक्स आणि वाय यांच्या किमान व कमाल मर्यादा ठरवताना वक्र कुठे असेल याचा अंदाज विद्यार्थ्याला आधी स्वतः बांधावा लागतो. यंत्र ठिपक्यांच्या प्रत्येक उभ्या ओळीसाठी एक्सची एकच किंमत घेते. मधले काहीही त्याला दिसत नाही. शेजारच्या दोन ओळींमधले अंतर ०.१ राहील अशा मर्यादा ठेवून एक्सच्या ०.१ च्या पटींवर साइन (२० पाय एक्स) काढायला लावा. प्रत्येक किंमत शून्य येईल आणि वेगाने वरखाली होणारा वक्र अक्षावरच्या सपाट रेषेसारखा दिसेल. असे का झाले, यावर एक पूर्ण तास रंगेल.

निवृत्त प्राध्यापक, दादर:
पुढचा इतिहासही मुलांना सांगावा. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-२८सी १९८७ मध्ये आला आणि त्यावर बीजगणितातील राशी अक्षरांतच हाताळता येऊ लागल्या. शाळांसाठी मात्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा १९९० चा टीआय-८१ अधिक महत्त्वाचा, कारण त्यात चार फलने साठवून एकाच पडद्यावर ताडून पाहता येत. ओहायो स्टेट विद्यापीठाचे बर्ट वेट्स आणि फ्रँक डेमाना यांनी अशा यंत्रांचा अध्यापनात आग्रहाने पुरस्कार केला. १९९५ पासून अमेरिकेतील एपी कॅल्क्युलस या, शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेत काही प्रश्नांसाठी आलेख कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला. आपल्याकडे परीक्षेसाठी हे यंत्र शिकण्याचे दडपण नाही, तेव्हा आधी कागदावर आलेख काढून घ्यावा आणि मगच यंत्र हाती द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आलेखवेडा, मुलुंड:
सरांनी सांगितलेला क्रम मलाही पटतो. बाई, साइनच्या प्रयोगापूर्वी कॅल्क्युलेटर कोन मोजण्याच्या रेडियन या एककावर आहे ना, हे अवश्य पाहा. अंशांवर असल्यास त्याच सूत्राची संथ लाट उमटेल.