वेळापत्रक किती पाळावे आणि कुठे सोडावे?

प्रश्न (पहिली-दुसरीची शिक्षिका):
आमची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली व दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात, पट 21. परिपाठ, भाषा, लहान सुट्टी, गणित, पोषण आहार हा क्रम मी जूनपासून नेटाने पाळला आणि वर्गाला वळणही लागले. परंतु मागच्या आठवड्यात वजाबाकी चालू असताना पत्र्यावर पाऊस असा कोसळला की माझाच आवाज मला ऐकू येईना. खिडकीकडे धावलेल्या मुलांना मी दटावून बसवले आणि तास वाया गेला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने सुगरणीचे पडलेले घरटे आणले, तेव्हा वेळापत्रक बाजूला ठेवले, तर दुपारपर्यंत वर्ग आवरेना. नेमके काय घट्ट धरावे?

उत्तर 1 (निवृत्त मुख्याध्यापक):
बाई, या वयाच्या मुलांना घड्याळ कळत नाही, पण ‘यानंतर काय’ हे पक्के कळते, म्हणून क्रम सांभाळावा आणि मिनिटांचा आग्रह सोडावा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत; वजाबाकी किती वाजता घ्यायची, हे त्यात कुठेच लिहिलेले नाही. घरटे वर्गात घेतलेत ते योग्यच झाले, फक्त तिथून परत कसे यायचे हे आधी ठरवायला हवे होते. घरट्यातल्या काड्या मोजून झाल्या की ‘पाट्या काढा’ ही रोजचीच हाक द्यावी. ती ओळखीची असल्यामुळे मुले वळतात.

उत्तर 2 (ऊसतोड पट्ट्यातील शिक्षक):
सरांशी सहमत आहे, पण आमच्याकडे क्रमही पुरत नाही. दिवाळीनंतर निम्मा पट आईवडिलांबरोबर फडावर जातो. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास परतलेली दुसरीतली एक मुलगी जोडाक्षरे पार विसरली होती; तरी आल्याआल्या तिने खडू उचलला, सगळ्यांना मोजले, स्वतःला धरले आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘हजर’पुढे आकडा लिहिला, कारण जाण्यापूर्वी ते काम तिचे होते. अशी कामे मुलांकडेच द्यावीत. वाचनाला मात्र मी तिला महिनाभर पहिलीच्या गटात बसवले. पालघर जिल्ह्यातील कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. त्यापुढे आपली तासिका पुढेमागे होणे फार क्षुल्लक आहे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. खडे, अंककार्डे आणि चित्रे घालून पावसासाठी एक पेटी केली आहे. आज पावसाची सर येताच हात वर करून खूण केली. नऊ मुले पेटीकडे आली, बाकीची खिडकीशीच राहिली आणि मी त्यांना थोडा वेळ पाऊस पाहू दिला. केंद्रप्रमुखांच्या भेटीत दाखवायच्या टाचणात (रोजच्या पाठांच्या नोंदीत) हे कसे लिहावे?

उत्तर 1:
जे घडले तेच लिहावे: ‘पावसाच्या आवाजामुळे वजाबाकी उद्या, आज पेटीतील मूक काम.’