विषय: स्टेशनचा बाज बदलला, तर अक्षरंही बदलावीत का?

प्रेषक: स. (नेपरव्हिल)

मंडळी, नमस्कार.

रविवारी चहाच्या वेळी निघालेला विषय डोक्यातून जात नाही. रेडिओ स्टेशननं कार्यक्रमांचा बाज बदलला, तरी 'डब्ल्यूएलएस'सारखी नावाची अक्षरं, म्हणजे स्टेशनची अधिकृत ओळख, बदलू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

१९८३च्या डिसेंबरात आम्ही ओमाहाहून गाडीनं परतत होतो. आयोवात रस्त्यावर बर्फ, मागे मुलं झोपलेली, ही थर्मासच्या झाकणात चहा ओतून देत होती. रेडिओचा काटा ८९०वर. पन्नास हजार वॅटचं स्टेशन, तरी आवाज यायचा, विरायचा, परत यायचा. तासाच्या ठोक्याला खरखरीतून आलं, 'डब्ल्यूएलएस, शिकागो'. शिकागोजवळच्या आमच्या घरापर्यंत अजून तीनशे मैल होते, पण ही म्हणाली, "आलं हो घर."

१९२४ साली सिअर्स या मोठ्या दुकानानं हे स्टेशन काढलं, आणि 'वर्ल्ड्‌स लार्जेस्ट स्टोअर'ची आद्याक्षरं नावाला दिली. चार वर्षांत दुकानानं ते शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकाला विकलं. १९६०मध्ये तिथं रॉक आलं, १९८९मध्ये गाणी जाऊन चर्चा आल्या. त्या वर्षी मी फार चिडलो होतो. तरी तासाला ती तीन अक्षरं यायची, आणि काटा हलवावासा वाटायचा नाही. उलट शिकागोचंच ६७०वरचं, बातम्यांचं डब्ल्यूएमएक्यू बघा. १९२२पासूनचं नाव, २००० साली खेळांचं स्टेशन झालं आणि रेडिओवरून पुसलं गेलं. आता ते फक्त टीव्हीच्या पाच नंबरला उरलंय.

प्रेषक: म. (एडिसन)

काका, आठवण वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण मत पटलं नाही.

३ जून २००५ला आमच्याकडे न्यूयॉर्कच्या १०१.१वर, म्हणजे डब्ल्यूसीबीएस-एफएमवर, जुनी गाणी अचानक बंद झाली. श्रोत्यांना आधी एका शब्दानं सांगितलं नाही, निवेदकांना निरोपही घेऊ दिला नाही. दिवसभर 'जॅक' म्हणून सगळ्या तऱ्हेच्या गाण्यांची सरमिसळ करणारा नवा प्रकार, आणि कायद्यानं तासातून एकदा सांगावंच लागतं म्हणून जुनी अक्षरं. मला ते घरातली माणसं हाकलून दारावरची पाटी तशीच ठेवण्यासारखं वाटायचं. त्यापेक्षा ६६०वर १९८८मध्ये डब्ल्यूएनबीसी संपलं आणि खेळांचं डब्ल्यूफॅन आलं, ते बरं. नवं काम, नवं नाव.

प्रेषक: स. (नेपरव्हिल)

अगं, पण तुझ्याच १०१.१चं पुढे काय झालं? १२ जुलै २००७ला जुनी गाणी परत आली, तेव्हा अक्षरं जागेवरच होती. पाटी होती म्हणून माणसांना घर सापडलं. आमच्या ६७०वर उद्या कुणी बातम्या परत आणल्या, तर कुठल्या नावानं हाक मारणार?

श्रोत्यांना आधी सांगावं, निवेदकांना शेवटचा कार्यक्रम करू द्यावा, हे तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. अक्षरांना मात्र हात लावू नये.